सुई टोचली म्हणून कॅन्सर पसरला म्हणतात. मायच्या मणक्यात अन् मेंदूत गेला तो कसा?

बंडू_कास्तकार (ता. राळेगाव, जि. यवतमाळ)

राम राम मंडळी. एरवी इथं बोंडअळी अन् फवारणीचं विचारायला येतो, आज दवाखान्याचा प्रश्न घेऊन आलो.

माय ५८ वर्षांची. बिडी नाही, खर्रा नाही, सुपारीचं खांडही नाही. चूल मात्र जन्मभर फुंकली, पऱ्हाटीची अन् तुराट्यांची. गॅस आला तरी भाकरी चुलीवरच. पोळ्यापासून खोकला धरला. जवळच्या एका डॉक्टरनं टीबी समजून गोळ्या सुरू केल्या, वजन उतरतच गेलं. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची दही-भाताची पूजा, करून वेचणी सुरू केली त्याच आठवड्यात कंबर धरली. आम्हाला वाटलं, ओटीत कापूस घेऊन दिवसभर वाकते, लचक भरली असेल. शेक दिला, बाम चोळला.

संक्रांतीनंतर मोठ्या दवाखान्यात नेलं. सीटी झाला, फुप्फुसात गाठ दिसली, छातीत सुई घालून तुकडा काढला. त्यानंतर १८ दिवसांनी डोक्याचा अन् पाठीचा एमआरआय. मेंदूत दोन ठिपके, मोठा ८ मिलिमीटरचा. कमरेच्या दुसऱ्या मणक्यात एक. तुकड्याच्या रिपोर्टात 'ईजीएफआर एक्झॉन १९ डिलीशन' लिहून आलं. रोज एक गोळी सांगितली अन् महिन्याला एक हाडाचं इंजेक्शन. डॉक्टर चांगले आहेत, पण आमच्या मागं रांगेत चाळीस जण उभे. विचारावं कधी?

काका म्हणतात, "गाठ बंद होती, तुम्ही सुई घालून फोडली." सारं गाव हेच म्हणून राहिलं. मायच्या कानावर गेलं अन् आता ती म्हणते गोळीही नको. सुईच्या परवानगीच्या कागदावर सही माझी आहे. झोप लागत नाही.

खरं काय ते सांगा. छातीतला रोग मधलं सगळं सोडून मणक्यात अन् मेंदूतच काहून गेला? रस्ता दाखवला कोणी त्याले?

भाऊराव_६४

बंडू, आमच्या बुढ्याचंही असंच झालं. सुई लावली अन् तीन महिन्यांत गेला. म्या तं म्हंतो लावूच नये. गाठीले लोखंड लागलं का ते भडकते. पाहा बावा, मर्जी तुमची.

स्लाइडवाली (जि. वर्धा)

भाऊराव, वडिलांचं ऐकून वाईट वाटलं. पण लोखंडाचं म्हणणं मी खोडणार आहे, राग मानू नका.

मी डॉक्टर नाही. एकवीस वर्षं पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. बंडूभाऊंच्या आईच्या छातीतून निघाला तसा तुकडा, शेवयीच्या काडीएवढा, माझ्यासारखीच्याच हाती येतो. मेणात बसवायचा, ४ मायक्रॉनचे काप पाडायचे, कोमट पाण्यावर तरंगवायचे, अलगद काचेवर घ्यायचे, रंगवायचे. निदान डॉक्टर लिहितात, पण ते लिहिण्याआधी आम्ही त्या पेशी हजारदा पाहिलेल्या असतात.

बंडूभाऊ, तुम्ही लिहिलेल्याच तारखा ओळीनं लावून पाहा. कंबर धरली सीतादहीच्या आठवड्यात. सुई टोचली संक्रांतीनंतर. मणका सुईच्या महिनोन्‌महिने आधीपासून दुखत होता. काकांना एवढंच विचारा.

मेंदूतल्या ठिपक्याचाही हिशोब होतो. ८ मिलिमीटरच्या गाठीत पेशी कोटींनी मोजाव्या लागतात. एकीच्या दोन, दोनाच्या चार असं करत तिथवर यायला पंचविसेक वेळा दुप्पट व्हावं लागतं, आणि फुप्फुसाची अशी गाठ एकदा दुप्पट व्हायलाच आठवडे, बहुतेकदा महिने घेते. १८ दिवसांत हे होत नाही. सुईच्या वाटेवर पेशी सांडून तिथं गाठ उगवल्याची उदाहरणं आहेत, नाही असं नाही. पण हजारात एकाहूनही कमी, आणि तीही सुई गेली त्याच रेषेत, छातीच्या भिंतीत. सही केली ते बरंच केलं. तो तुकडा नसता तर एक्झॉन १९ कळलं नसतं आणि आज जी गोळी समोर आहे ती हाती आली नसती.

आता रस्त्याचं.

"गाठ बंद होती" हे वाचलं आणि मला ई-कॅडहेरिनचा रंग आठवला. हे पेशीला पेशी धरून ठेवणारं प्रथिन. श्वासनळीच्या निरोगी अस्तरावर हा रंग चढवला की प्रत्येक पेशीभोवती तपकिरी कड उमटते, बांधाला बांध लागून असलेल्या वावरांसारखी. गाठीच्या मधल्या भागात ही कड पुष्कळदा शाबूत असते. तिथून काच हळूहळू काठाकडे सरकवायची. कड फिकी होते, मग तुटक, मग काही ठिकाणी नाहीच. आणि नेमक्या तिथं पेशी एकेकट्या सुटलेल्या, लांबुळक्या झालेल्या, बाजूच्या तंतूंत शिरताना दिसतात. गाठ बंद वगैरे काही नसते. सुई लागायच्या कितीतरी आधी तिचे बांध फुटलेले असतात.

हे बांध फोडायला सांगतं कोण? इथं निरोप येतो. आपल्या पेशी एकमेकींशी रेणूंनी बोलतात. एक पेशी रेणू सोडते, दुसरीच्या अंगावर त्या रेणूचा कान असतो, रेणू कानात बसला की आत हुकूम सुटतो. बांध फोडायला लावणारा मोठा निरोप म्हणजे टीजीएफ-बीटा. तो मुळात वाईट नाही. विळा लागून बोट कापलं की जखमेच्या कडेच्या पेशी हात सोडून पुढं सरकतात आणि जखम झाकतात, त्यातही हाच निरोप असतो. गाठीच्या आजूबाजूच्या आपल्या साध्या, निरोगी पेशी तोच निरोप गाठीला देत राहतात, कारण त्यांना गाठ ही न भरणारी जखम वाटते. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात ना, तसं. तंतू बनवणाऱ्या पेशी, जंतू खाणाऱ्या पांढऱ्या पेशी, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स, सगळ्या आपल्याच, आणि सगळ्या गाठीच्या कामाला लागलेल्या. गाठ उलट निरोप धाडते. व्हीईजीएफ नावाचा रेणू सोडला की जवळच्या रक्तवाहिन्यांना नवे फाटे फुटून गाठीकडे येतात. गाठी रक्तवाहिन्या बोलावून घेतात, त्याशिवाय मोठ्या होत नाहीत, हे जुडाह फोकमन या अमेरिकन सर्जननं १९७१ मध्ये मांडलं तेव्हा फार कुणी मनावर घेतलं नव्हतं. त्या नव्या वाहिन्या घाईत बांधलेल्या, गळक्या. त्यातूनच पेशी रक्तात उतरतात.

आणि फुप्फुस म्हणजे सगळ्या रक्ताचा नाका. तिथून निघालेलं रक्त हृदयाच्या डाव्या बाजूला आणि तिथून थेट अंगभर. त्यातला सहावा-सातवा हिस्सा एकट्या मेंदूकडे. त्यामुळे मेंदूचा रस्ता तर सरळच पडतो. पण रस्ता असणं वेगळं आणि तिथं उगवणं वेगळं. रक्तात उतरलेल्या दहा हजार पेशींतली एखादीही धड तग धरत नाही. ज्या धरतात त्यांना प्लेटलेट्स चिकटून गोधडीसारखं पांघरूण घालतात, वर पुन्हा तोच टीजीएफ-बीटा पाजतात.

तुमच्या आईच्या गाठीत मूळ बिघाड ईजीएफआर या कानात आहे. तो वाढीचा निरोप ऐकणारा कान. हा निरोप स्टॅन्ले कोहेन या अमेरिकन शास्त्रज्ञाला उंदराच्या पिल्लांत सापडला. उंदराच्याच लाळग्रंथीचा अर्क टोचला तर पिल्लांचे डोळे वेळेआधी उघडायचे, दातही लवकर यायचे. १९८६ चं नोबेल त्यावर. एक्झॉन १९ म्हणजे या कानाच्या जनुकाचा एक भाग, त्यातला छोटा तुकडा गळाला की हा कान निरोप नसतानाही हुकूम सोडत राहतो. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर चिकटल्यासारखं: बटन कोणी दाबलं नाही, मोटार चालूच. तुमची गोळी त्या स्टार्टरच्या आत जाऊन बसते. बिडी न ओढलेल्या बायांमध्ये, आणि आपल्या आशियातल्या लोकांत, हा बिघाड जास्त सापडतो.

चुलीचं तुम्ही विचारलं नाही, पण मनात असेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं लाकूडफाट्याच्या घरातल्या धुराला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं आहे. एकट्या तुमच्या आईचा कॅन्सर चुलीनंच झाला असं कोणीच सांगू शकत नाही. तिला तर मुळीच सांगू नका.

कृषी_सहायक_वणी

स्लाइडवाली ताई, वाचता वाचता एक डोक्यात आलं. आम्ही पऱ्हाटीत हेक्टरी ५ कामगंध सापळे लावतो. मादीच्या वासाची ल्यूर असते, नर पतंग सरळ त्यावर येतो, शेजारच्या ज्वारीत जात नाही. कॅन्सरची पेशी मणक्यातच उतरते ते असंच काही आहे का? की बी पडलं सगळीकडं अन् उगवलं कसदार जमिनीत, एवढंच?

स्लाइडवाली

तुमचे दोन्ही प्रश्न बरोबर जागी लागले, भाऊ.

दुसरा आधी घेते, तो जुना आहे. १८८९ मध्ये लंडनच्या स्टीफन पॅजेट या सर्जननं स्तनाच्या कर्करोगानं गेलेल्या ७३५ बायांच्या नोंदी तपासल्या. रक्त तर सगळीकडं जातं, मग यकृतात इतक्या गाठी आणि प्लीहेत इतक्या कमी का, हा त्याचा प्रश्न. त्यानं लिहिलं, बी सगळीकडं जातं, पण मानवेल त्याच मातीत रुजतं. आपल्याला हे सांगायला लंडनचा माणूस लागत नाही. काळ्या वावरातली पऱ्हाटी अन् बरडावरची पऱ्हाटी एका बांधावरून दिसते. पण मोजून दाखवलं त्यानं.

कामगंधाचं म्हणणंही खरं आहे. हाडाच्या मज्जेतल्या, यकृतातल्या पेशी सीएक्ससीएल१२ नावाचा रेणू सोडतात. ज्या कॅन्सर पेशीच्या अंगावर त्याचा कान, म्हणजे सीएक्ससीआर४, जास्त असतो ती त्या वासाकडे सरकते. हे २००१ मध्ये स्तनाच्या कर्करोगात दाखवलं गेलं, फुप्फुसाच्या पेशींवरही तो कान सापडतो. गंमत म्हणजे हीच ल्यूर रक्त बनवणाऱ्या मूळ पेशींना मज्जेत धरून ठेवते. तो कान बुजवणारं प्लेरिक्झाफॉर नावाचं औषध दिलं की मूळ पेशी मज्जा सोडून रक्तात येतात आणि प्रत्यारोपणासाठी गोळा करता येतात. सगळ्या शेतात मादीचा वास पसरवून नराला गोंधळात टाकायची पद्धत तुम्हाला माहीतच आहे. तसं कॅन्सरच्या पसरण्याला करता येईल का, यावर प्रयत्न चालू आहेत, पण बंडूभाऊंच्या आईसाठी आज त्याचा उपयोग नाही, म्हणून फार लांबवत नाही.

मला स्वतःला ज्यानं हादरवलं ते वेगळंच. बी जाऊन माती शोधतं असं आपण दोघंही धरून चाललो. न्यूयॉर्कच्या डेव्हिड लायडन यांच्या गटानं २००५ मध्ये उंदरांत दाखवलं, की गाठीची एकही पेशी पोहोचण्याआधी त्या जागी मज्जेतून निघालेल्या पेशी जाऊन बसतात आणि जागा तयार करतात. गाठ अजून आपल्या ठिकाणी, आणि दूरवर तिच्यासाठी वखरणी सुरू! फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशी दिलेले उंदीर त्यात होते. निरोप नेण्याचं एक साधन म्हणजे एक्सोसोम: पेशीतून सुटलेल्या पुड्या, ३० ते १५० नॅनोमीटरच्या. केसाच्या जाडीत सातशे-आठशे सहज बसतील. आत प्रथिनं, आरएनएचे तुकडे. २०१५ मध्ये त्याच गटानं दाखवलं की पुडीच्या अंगावर कोणतं इंटेग्रिन, म्हणजे जोडीनं असणारं चिकटायचं प्रथिन, आहे त्यावर ती कुठं उतरेल हे ठरतं. एका जोडीची पुडी फुप्फुसात जाते, दुसऱ्या जोडीची यकृतात. पत्ता लिहिलेलं पाकीटच म्हणा. माझ्या सूक्ष्मदर्शकात या पुड्या दिसत नाहीत, त्याला इलेक्ट्रॉनवालं यंत्र लागतं. इतकी वर्षं काठावरच्या सुटलेल्या पेशी पाहून मी चुकचुकत होते, आणि खरी पत्रं त्याच काचेवरून, माझ्या डोळ्यांदेखत, कधीच रवाना झालेली होती.

बंडूभाऊ, मणक्याचं. हाडात रोज थोडं खोदकाम आणि थोडी भरणी चालू असते. खोदणाऱ्या पेशी वेगळ्या, भरणाऱ्या वेगळ्या. कॅन्सर पेशी पीटीएचआरपी नावाचा निरोप सोडते. तो ऐकून भरणाऱ्या पेशी रँक-लिगँड सोडतात, म्हणजे खोदणाऱ्यांना 'या, लागा कामाला' असा हुकूम. त्या हाड खोदतात. आणि हाडात पुरून काय ठेवलेलं असतं? टीजीएफ-बीटा! तो मोकळा झाला की कॅन्सर पेशीला खुराक. ती आणखी पीटीएचआरपी सोडते. जितकं खोदाल तितकं खत वर येतं. तुमच्या मायची कंबर त्यानं दुखते.

मेंदूचं थोडक्यात. तिथल्या आधार देणाऱ्या पेशींना ॲस्ट्रोसाइट म्हणतात. आलेल्या बहुतेक कॅन्सर पेशींना त्या मारतात. पण ज्या टिकतात त्या ॲस्ट्रोसाइटशी छोटी भोकं जोडून घेतात आणि त्यातून एक रेणू पलीकडे सारतात. त्यानं ॲस्ट्रोसाइट फिरतात आणि उलट वाढीचे निरोप देऊ लागतात. हे २०१६ मध्ये स्तन आणि फुप्फुस दोन्हींच्या पेशी घेऊन उंदरांत दाखवलं गेलं.

आणि मणक्यातली गाठ मणक्याची नसते, हेही काकांना सांगा. अशा हाडाच्या तुकड्यावर टीटीएफ-१ नावाच्या प्रथिनाचा रंग टाकला की पेशींची केंद्रकं तपकिरी होतात. हाडाच्या पेशीत तो रंग कधी येत नाही. तो येणारी मुख्य ठिकाणं दोनच, फुप्फुस नाहीतर थायरॉइड. पेशी कुठंही जाऊन बसली तरी आपलं गाव विसरत नाही.

भाऊराव_६४

ताई, मंग आमच्या बुढ्याले सुईनं नाही मारलं म्हंता?

स्लाइडवाली

नाही, भाऊराव. सुई लागली तेव्हा रोग बहुतेक पुढं गेलेलाच होता, म्हणून तर नेलं होतं तुम्ही दवाखान्यात.

भाऊराव_६४

हो. तेव्हा जेवण तुटलंच होतं त्याचं.

बंडू_कास्तकार

ताई, तुमचं सारं मायला वाचून दाखवलं. पुड्यांचं तिच्या डोक्यावरून गेलं. पण तारखांचं म्हटल्याबरोबर उठून बसली. म्हणे, "होय न रे, दही-भात ठेवाले वाकली होती धुऱ्यावर, तव्हाच कळ आली." काका तिथंच बसले होते, काही बोलले नाही. काल रात्री जेवणानंतर गोळी घेतली तिनं.

दोन गोष्टी विचारतो. गोळी स्टार्टर बंद करते म्हणता, मग काही दिवसांनी लागू पडत नाही म्हणतात ते काहून? अन् हाडाचं इंजेक्शन या साऱ्यात कुठं बसते?

स्लाइडवाली

गोळी महिनोन्‌महिने, काहींना वर्षांवर चालते. पण गाठीत सगळ्या पेशी सारख्या नसतात. काही त्या स्टार्टरचा खाचा बदलतात, मग गोळी नीट बसत नाही. काही मेट नावाचा दुसरा कान वाढवतात आणि मोटार तिकडून चालू करतात. तसं वाटलं तर डॉक्टर पुन्हा तुकडा मागतील, किंवा नुसतं रक्त. गाठीच्या डीएनएचे तुकडे रक्तात तरंगतात, त्यावरून नवा बिघाड पुष्कळदा कळतो. पुन्हा सुई म्हटली तर घाबरू नका. गोळी एखाद्या दिवशीही स्वतःहून बंद करू नका. जुलाब लागतात, तोंडावर पुरळ येतं, ते डॉक्टरांना सांगायचं.

इंजेक्शन त्या खोदकामावर आहे. कागदावर झोलेड्रोनिक ॲसिड असेल तर ते खोदणाऱ्या पेशींनाच लुळं करतं. डेनोसुमॅब असेल तर ते रँक-लिगँड रेणूलाच वाटेत धरतं, हुकूम पोहोचतच नाही. दोन्हींत एक भानगड आहे. जबड्याच्या हाडाचीही रोजची दुरुस्ती मंदावते. इंजेक्शन सुरू झाल्यावर दात काढला तर ती खाच कधीकधी भरतच नाही, हाड उघडं पडतं. म्हणून पहिल्या इंजेक्शनाआधी दातांच्या डॉक्टरला दाखवतात. किडलेला, हलणारा दात असेल तर तो आधी. गर्दीत हे सांगायचं राहून जातं, तुम्ही विचारा.

आणि ओटी बांधून वेचणी आता बंद. पाय अचानक लुळे वाटले किंवा लघवी अडली तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका, त्याच वेळी गाडी करा.

बंडू_कास्तकार

इंजेक्शन बुधवारचं आहे. मागची एक दाढ हलते तिची, दिवाळीपासून त्या बाजूनं चावत नाही. उद्या पहिल्या यष्टीनं घेऊन निघतो.